अव्वा कॅमेऱ्यात बघते

वहिनींचा फोन आला तेव्हा मी लातूरला आमच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. "शोभाताई, नांदेडला येऊ नका. आम्हीच जळकोटला आणून राहिलो त्यांना," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. आदल्या दिवशी अण्णाचं बायपासचं ऑपरेशन झालं होतं आणि ते नीट झालं असं सगळे सांगत होते, म्हणून मी रात्रीच लातूरला परतले होते. संध्याकाळी जळकोटच्या आमच्या मळ्यात, अव्वाच्या समाधीशेजारी, आम्ही त्याला माती दिली. आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात आणि थोरल्या भावाला अण्णा. आता काही आठवडे उलटले आहेत, भेटायला येणारे थांबले आहेत, आणि मला अजूनही दुःखाच्या आधी रागच येतो. ऑपरेशन लवकर करा म्हणून डॉक्टरांनी कधीचं बजावलं होतं. या माणसानं ते पुढे ढकललं... एका सिनेमासाठी. खरं तर सिनेमासाठीही नाही, त्यातल्या शेवटच्या एका दृश्यासाठी.

अण्णाचा, म्हणजे बसवराजचा, अव्वाच्या बसूचा, नांदेडात लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. लोह्यापासून देगलूरपर्यंत कित्येक घरांच्या कपाटांत त्यानं टिपलेली लग्नं पडून असतील. तोंडानं फटकळ. "नवरदेव, हसा की जरा, कुणी बांधून आणलं न्हाई तुमाला," असं भर मांडवात ओरडायचा आणि तरी लोक पुढच्या लग्नाला त्यालाच बोलवायचे. टेपवाले लहान डिजिटल कॅमेरे नवे होते त्या काळात त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला. लग्नसराई संपल्यावर, भर उन्हात, कंधारच्या किल्ल्याजवळ आणि लोह्याकडच्या एका शिवारात त्यानं तो काढला. गोष्ट साधी. एक म्हातारी रोज दुपारी बाभळीखाली बसून रस्त्याकडे बघते, सासरहून लेक येईल म्हणून. म्हातारीच्या कामाला कुणी मिळेना, तेव्हा त्यानं अव्वालाच जळकोटहून उचलून आणलं. अव्वाची अडचण एकच होती. ती कॅमेऱ्यात बघायची. तिचं तरी काय चुकलं? आमच्या भागात कॅमेरा म्हणजे लग्नातला, आणि तो समोर आला की अक्षतांचा हात थांबवून माणसं त्यात बघतात. अण्णानंच तर उभ्या जिल्ह्याला ती सवय लावलेली! "अव्वा, रस्त्याकडं बघ," म्हणून त्याचा घसा बसला. शेवटचं दृश्य पुन्हा पुन्हा करून एकदाचं मनासारखं मिळालं. सिनेमा दोन-चार ठिकाणी दाखवला गेला, कौतुक झालं, मग तो लग्नांच्या गर्दीत मागे पडला. पुढे अव्वा गेली. तिचा चालताबोलता चेहरा तेवढ्या सिनेमात उरला.

अलीकडे मुंबईच्या एका कंपनीला तो पुन्हा दाखवायचा होता, थिएटरात आणि घरोघरच्या मोठ्या टीव्हींवर. अट एकच, चित्र आजच्या मापाचं, फोर-के हवं. अण्णा आधी हरखला आणि मग त्याला घाम फुटला. मला फोनवर समजावून सांगायचा. फिल्मवर काढलेला जुना सिनेमा असेल तर निगेटिव्ह पेटीतून काढून पुन्हा मोठं स्कॅन करता येतं, कारण पडद्यावर दिसलं त्याहून जास्त तिच्यात साठलेलं असतं. आमच्या टेपवर त्या दिवशी जेवढे ठिपके उमटले तेवढेच, त्यात अव्वाचा चेहरा म्हणजे मूठभर. शिवाय ते कॅमेरे एक चित्र दोन हप्त्यांत टिपायचे, एक रेघ आत्ता, तिच्या खालची क्षणभरानं. त्यामुळे नव्या पडद्यावर नुसता पदर हलला तरी त्याच्या कडेला कंगव्यासारखे दात फुटायचे. "आज्याच्या काळातला सिनेमा धुऊन नवा होऊन राहिला शोभे, अन् माझा कालचा सिनेमा म्हातारा झाला," असं तो म्हणाला तेव्हा मी हसले होते.

मुंबईला हे काम रश्मी नावाच्या मुलीकडे होतं. हुशार, बोलायला गोड. तिच्याकडचा प्रोग्राम लहान चित्र मोठं करायचा आणि मधल्या रिकाम्या जागा अंदाजानं भरायचा. बाकी दृश्यांच्या मूळ टेपा सापडल्या होत्या, ती दृश्यं बरी निघाली. शेवटच्या दृश्याची टेप मात्र सापडेना, म्हणून ते सिनेमाच्या जुन्या सीडीवरून घ्यावं लागलं, आणि सीडीवर चित्र आधीच दाबून बसवलेलं. तिनं ते मोठं करून पाठवलं त्या रविवारी मी नांदेडला होते. नव्या मॉनिटरवर बाभळीचा पाला हिरव्या लगद्यासारखा दिसत होता, ते मी सोडून दिलं. पण चेहरा! कातडी गुळगुळीत. हनुवटीवरचं गोंदण प्रोग्रामनं डाग समजून पुसून टाकलेलं. समोरचा पडलेला दात बसवून दिलेला, पांढराशुभ्र.

"ही कोण बाई आहे?" मी विचारलं.

"अव्वाच हाय," अण्णा म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

"अव्वाला दात कधी आला?"

वहिनींना हसू आलं. अण्णा हसला नाही. डावा खांदा दाबत तो खुर्चीत मागे टेकला, कपाळ घामानं डबडबलेलं. वहिनी गोळी आणायला धावल्या. कंपनीची मुदत अगदी जवळ आलेली, डॉक्टरांची तर उलटून गेलेली. गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत मी त्याला वारा घातला. मग म्हणाले, "आहे तसं दे पाठवून. कुणाला कळणार आहे? उद्याच दवाखान्यात भरती हो." तो एवढा भडकला की वहिनींनी मलाच डोळ्यांनी दटावलं. "लोकायला न्हाई कळणार. तुझ्या नातवंडायला दाखवशील तवा काय सांगशील? ही तुमची पणजी म्हणून?" तो मरेल या भीतीनं मी वाद घातला नाही.

लग्नाच्या शूटिंगवाल्यांची एक रीत होती. लग्न सीडीवर चढवून घरच्यांच्या हातात दिलं की तीच टेप पुढच्या लग्नाला वापरायची. त्या दुपारी अण्णाच्या डोक्यात आलं की हाताच्या सवयीनं सिनेमाची टेपही एखाद्या लग्नात गेली असणार. मग लग्नांची खोकी धुंडाळणं आलं. त्यानं माळ्यावर चढू नये म्हणून मीच चढले आणि खोकी खाली दिली. जुन्या कॅमेऱ्यात एकेक टेप घालून बघायचं काम सुरू झालं. पट्ट्या इतक्या जुन्या की आत गुंतून तुटायची भीती, म्हणून टेप फिरतानाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, ती दुसऱ्यांदा चालेल याचा भरवसा नाही. हळदी, वराती, रुसलेले मामा... आणि एका उदगीरच्या लग्नाच्या टेपेत एकदम बाभूळ दिसली.

आम्ही तिघंही खुर्च्या पुढे ओढून बसलो. चित्राचे चौकोन फुटायचे, पुन्हा जुळायचे. हेडफोन अण्णाच्या कानांना, त्यामुळे आम्हा दोघींना नुसतं चित्र. अव्वा रस्त्याकडे बघत बसलेली. हनुवटीवर गोंदण, दात पडलेला, आमचीच अव्वा. मग तिनं मान वळवली, सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि काहीतरी बोलली. तेवढ्यात चित्र फाटलं आणि हळदीचा मांडव सुरू झाला. टेप पूर्ण मागे न घेताच वर लग्न भरलेलं. आधीचा फसलेला प्रयत्न तेवढा शिल्लक राहिला होता आणि नंतरचा जमलेला कुणाच्या तरी हळदीखाली गेला होता. मला रडूच आलं.

अण्णानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "हेच घ्यायचं."

"अरे, ती कॅमेऱ्यात बघतीय!"

"बघू दे की."

रश्मीनंही फोनवर अदबीनं तेच सांगितलं. "सर, चूक वाटेल. त्या बघायच्या आधी कापू का?" "न्हाई. पूर्ण ठेवा. अन् चेहऱ्याला तुमचं मशीन लावू नका, नुसत्या रेघा जुळवा. धूसर तर धूसर." आवाजाचं काय करायचं, असं तिनं विचारलं. "आवाज काढून टाका," तो म्हणाला. त्या मुलीनं ऐकलं, कंपनीशी भांडून ऐकलं, हे मला लिहायला हवं. तिच्याकडचं काम हातावेगळं झालं आणि अण्णा दवाखान्यात भरती झाला. ऑपरेशनला नेताना मला म्हणाला, "गोंदण दिसलं न्हवं नीट?" मी हो म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं ते. उशीर झाला म्हणून गेला का, असं मी नंतर डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. या उत्तराला घेऊन मी उरलेलं आयुष्य काढणार आहे.

सिनेमा लागला. अव्वानं शेवटी प्रेक्षकांकडे बघणं कुणा जाणकाराला फार धाडसी वाटलं, तसं त्यानं लिहिलंही. अण्णा असता तर पोट धरून हसला असता.

गेल्या आठवड्यात नांदेडला गेले तेव्हा वहिनींनी स्टुडिओ उघडून दिला. कोपऱ्यात त्याचा जुना डबा टीव्ही आहे, पाठीवर कुबड असलेला. त्या कॅमेऱ्यांचं चित्र त्याच टीव्हीसाठी असायचं, म्हणून अण्णानं तो कधी भंगारात जाऊ दिला नाही. टेपवरून उतरवून घेतलेलं ते दृश्य आम्ही त्याच्यावर लावलं. कंगव्याचे दात नाहीत, लगदा नाही. बाभळीखाली अव्वा, जशी होती तशी. आणि या वेळी आवाज होता. वारा, लांबून जाणारी एसटी... मग अव्वानं मान वळवली.

"बसू, उन्हात का उभा हाईस रे कवाचा? सावलीला ये की."

"अव्वा, बोलू नको गं! रस्त्याकडं बघ," कॅमेऱ्यामागून अण्णाचा आवाज, तरुण, वैतागलेला.

"बघते. आधी तू ये," अव्वा म्हणते, आणि उदगीरच्या हळदीचा बँड सुरू होतो.