अकरा दुरुस्त्या

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास मी माझ्या थोरल्या वहिनींच्या नावाने मराठी मंडळाच्या वेबसाइटवर शिरलो आणि त्यांच्या लेखात अकरा दुरुस्त्या केल्या. लेख त्यांनी रविवारसाठी तयार करून ठेवला होता. दुरुस्त्या करायला मला कोणी सांगितले नव्हते.

मी पुण्याच्या एका दैनिकात एकतीस वर्षे उपसंपादक होतो. निवृत्तीनंतर हैदराबादला परतलो आणि चिक्कडपल्लीत घर घेतले. भाऊ आणि वहिनी जवळच विद्यानगरला राहतात. इथल्या मराठी मंडळाने वेबसाइट सुरू केली तेव्हा मी शहरातल्या कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांवर तीन भाग लिहिले. वर्षे, मालक, भाडेकरार, सगळे तपासलेले. तिन्ही भागांना मिळून एक प्रतिक्रिया आली. दुसऱ्या भागातला फोटो उघडत नाही, अशी तक्रार होती.

पुढच्या महिन्यात वहिनींनी त्याच दुकानांवर लिहिले. मुलांची शाळेची पुस्तके घेताना दुकानदाराशी त्या कशा भांडायच्या, एवढेच. वर्ष नाही, एका दुकानाची जागा चुकलेली. त्याखाली लोक आठवडाभर लिहीत होते. भाजी घेताना एका अनोळखी बाईंनी मला विचारले, "तुम्ही त्यांचे दीर ना? त्या लिहितात त्यांचे?"

वहिनी बोलतात तसेच लिहितात. "करायली" लिहितात, "तकलीफ" लिहितात, "नक्को" लिहितात. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी पुण्यात शिकत होतो. सुटीत आलो की त्यांना सांगायचो, "नको म्हणा वहिनी, एकाच क नं." त्या म्हणायच्या, "एका क नं या घरात कोण ऐकतंय, भावजी?"

मंडळातल्या ज्येष्ठांना पासवर्ड आठवत नसत. म्हणून वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलीने लॉगिनसाठी एक तयार प्लगिन, म्हणजे बाहेर बनलेला जोडप्रोग्रॅम, जोडले होते. ती इंजिनिअर आहे, नोकरीसाठी पुण्याहून आलेली. पहिल्या पानावर मोबाइल नंबर द्यायचा, फोनवर कोड यायचा, दुसऱ्या पानावर सभासदनाम आणि तो कोड भरायचा. कोड बरोबर आहे का, हे प्लगिन तपासत होते. तो कोणाच्या फोनवर गेला होता, हे तपासत नव्हते.

आदल्या आठवड्यात वहिनींनी आपल्या लेखावरच्या प्रतिक्रिया मला माझ्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवल्या होत्या. तेव्हा भरलेले त्यांचे सभासदनाम कॉम्प्युटरने लक्षात ठेवले. मंगळवारी मी माझा नंबर दिला, माझ्या फोनवर आलेला कोड टाकला आणि नावाच्या रकान्याकडे न पाहता बटण दाबले. पान उघडले. वर "नमस्कार" होते आणि पुढे वहिनींचे नाव.

बाहेर पडण्याचे बटण उजव्या कोपऱ्यात होते. मी ते पाहिले. मग रविवारचा लेख उघडला.

लेख चिक्कडपल्लीहून दारावर येणाऱ्या भाजीवालीवर होता. ती तेलुगू, वहिनी मराठी. ती कोथिंबिरीची जुडी वर टाकू लागली की वहिनी म्हणत, "नक्को." वहिनींनी चहा पुढे केला की ती म्हणे, "वद्दम्मा," म्हणजे तेच, तेलुगूत. एवढ्या दोन शब्दांवर त्यांची ओळख कितीतरी वर्षे चालली, असा लेख. शीर्षक होते "नक्को". मी दोनदा वाचला. माझ्या एकतीस वर्षांत माझ्या हातून असे एक पान लिहून झालेले नाही. मी शीर्षकासह नऊ ठिकाणी "नको" केले, "तकलीफ"चे "त्रास" आणि "करायली"चे "करत आहे" केले, आणि लेख जतन केला.

रविवारी लेख त्याच रूपात प्रसिद्ध झाला. वहिनींचा फोन आला.

"भावजी, माझा नक्को कुठं गेला हो? वर नावात पण नाही. खरं सांगा, तुम्ही केलात?"

"तुमच्या फोनवरचा कोड माझ्याकडे कुठं आहे, वहिनी?"

"हौ, ते बी खरंच."

माझे वाक्य अचूक होते. ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

सोमवारी मंडळाच्या खोलीत त्या मुलीने बदलांची नोंद उघडली. भाऊ, वहिनी आणि मी समोर बसलो होतो.

"काकू, बदल तुमच्याच नावानं झालेत. मंगळवारी, तीन ते साडेतीन."

"मंगळवारी तर मी कोठीत डोळ्याच्या डॉक्टरकडं होते. डोळ्यांत थेंब घातलेले, मला माझा हात दिसंना."

"ते सोमवारी," भाऊ म्हणाला.

"मंगळवारी हो."

"सोमवारी गं. विसरायलीस तू हल्ली."

वहिनी बोटांवर वार मोजू लागल्या. मी नोंदीकडे पाहत राहिलो.

गुरुवारी मी विद्यानगरला गेलो. फ्रिजवर कागद चिकटवले होते: "गॅस बंद केला का", "किल्ली पर्समध्ये". अक्षर वहिनींचे होते. भावाने सांगितले की येत्या सोमवारी तो त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे नेणार आहे. पुढचा लेख झाला का, असे मी विचारले.

"लिहिणं नक्को आता," वहिनी म्हणाल्या. "मीच बदलते अन् मलाच आठवंना. उद्या काय लिहीन काय की." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "नको. लिहिणं नको. एकच क, बरोबर ना भावजी?"

मी म्हणालो, "वहिनी, तो मी होतो. तुमच्या नावानं आत गेलो होतो. सगळे बदल माझे."

"मंगळवारी?"

"मंगळवारी."

त्या भावाकडे वळल्या. "ऐकलात? मंगळवारच होता." मग उठून फ्रिजवरचे कागद एकेक करून काढले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाकीचं तुमच्याशी नंतर बोलते."

त्याच संध्याकाळी मी त्या मुलीला फोन केला. तिने माझ्याकडून प्रत्येक पायरी वदवून घेतली आणि फोन चालू असतानाच स्वतःच्या मोबाइलवरचा कोड वापरून अध्यक्षांच्या नावाने आत शिरली.

"काका, हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत? सगळ्यांचे पत्ते, फोन नंबर, सगळं उघडं होतं इतके दिवस. अन् काकूंना मी तोंडावर सांगितलं, तुम्हीच केलंत म्हणून."



तिने प्लगिन काढून टाकले आणि बनवणाऱ्यांना दोष कळवला. सभासद आता पुन्हा पासवर्ड वापरतात आणि विसरले की तिला फोन करतात. कोठीच्या दवाखान्याची पावती सापडली. तिच्यावर मंगळवारची तारीख आहे. मेंदूच्या डॉक्टरची वेळ रद्द झाली. लेख मूळ रूपात परत आला आहे आणि त्याचे शीर्षक "नक्को" आहे. त्यानंतर वहिनींचे चार लेख आले. वेबसाइटवर माझ्या नावापुढे "लेखक" होते, तिथे मंडळाने आता "वाचक" केले आहे. ते "बाकीचं" मात्र वहिनी माझ्याशी अजून बोललेल्या नाहीत.