सिम्हाताईंच्या घरचा मलिदा

सिम्हा आपटेकर आणि मी टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर शेजारी शेजारी बसायचो. पनवेलमधली निम्मी माणसं त्या नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. त्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी. सासर मूळचं आपटा गावचं, तेलाचा घाणा असलेलं. शनिवार हा त्यांचा शब्बात, विश्रांतीचा दिवस; तेव्हा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आता घाणा नव्हता आणि त्यांच्या आळीतली बरीच घरं इस्रायलला निघून गेली होती. तरी सिम्हाताईंचा शनिवार कधी चुकला नाही. दर शनिवारी माझ्याशी ड्युटी बदलून घ्यायच्या आणि बदल्यात मला दिवाळीचे चारही दिवस मोकळे ठेवायच्या.

एक्क्याण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवारची दुपार. नवीन पनवेलहून एर्नाकुलमचा कॉल लागला होता. तीन मिनिटं भरली तसं ते सांगायला सिम्हाताईंनी लाइन घेतली. पलीकडे एक बाई मल्याळममध्ये बोलत होती; इयरफोनमधून मलाही ऐकू येत होतं. बोलणं संपवताना ती म्हणाली, "शब्बात शालोम, अम्मा."

सिम्हाताईंचा हात तसाच थांबला. मग काय झालं कोण जाणे, त्या बोलून गेल्या, "शब्बात शालोम!"

मी डोळे मोठे केले. ऑपरेटरने वेळ सांगायची आणि बाजूला व्हायचं, एवढंच आमचं काम.

"कोण? कोण बोलतंय?" बाई घाबरून हिंदीत म्हणाली.

"मी बोर्डावरची सिम्हा. घाबरू नका. शब्बात आमचाही आज संध्याकाळीच लागतो."

ती बाई हसली, की रडली, मला बाजूला बसून कळलं नाही.

सोमवारी ती आमच्या एक्स्चेंजच्या दारात हजर. नाव सिपोरा, कोचीनची यहुदी, वय पंचविशीचं. नवरा इसाक न्हावा शेवाच्या बंदरावर क्रेनचा इंजिनिअर. येऊन चार महिने झाले होते. मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकं. नवरा सकाळी जायचा तो रात्रीच यायचा.

"शेजारी विचारतात, तुम्ही ख्रिश्चन का? नाही म्हटलं की पुढे काय सांगायचं तेच मला कळत नाही," ती म्हणाली.

"इथे सांगावं लागणार नाही," सिम्हाताई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात 'तू बिश्वात'ला माझ्याकडे ये. मलिदा करणार आहे."

तू बिश्वात म्हणजे झाडांचा सण. त्या दिवशी बेने इस्रायल घरात एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, स्मरण करतात आणि मलिद्याचं ताट मांडतात. प्रार्थना म्हणणार होते हनोककाका. आळीतले सगळ्यांत वडीलधारे, बोलणं अजून गावाकडचं. त्यांना हे आमंत्रण पटलं नव्हतं.

"सिम्हा, त्यांची प्रार्थनेची चाल निराळी हाय. आमची त्यांना यायची नाय, त्यांची आमाला. पोरगी कोपऱ्यात बसून राहील."

"काका, आपल्या वाडवडिलांना प्रार्थना शिकवायला कोचीनचे मास्तर आले होते, असं तुम्हीच सांगता ना?"

"ते शंभर-दीडशे वर्सांमागं!"

"मग आता त्यांची लेक आलीय. एवढी वर्षं वाट पाहिली, अजून किती पाहायची?"

काका मिशीतल्या मिशीत हसले.

सणाच्या दिवशी मी दुपारीच मदतीला गेले. सिपोरा आली ती साडीचा पदर मुठीत धरूनच. दारातच म्हणाली, "ताई, मलिदा म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. माझं काही चुकलं तर?"

आत सिम्हाताईंनी परातीत पोहे भिजवून ठेवले होते. शेजारी खवलेला नारळ, किसलेला गूळ, वेलची. सिपोरा परातीपाशी वाकली आणि एकदम ओरडली, "अवल!"

"काय गं?"

"अवल! पोहे, गूळ, नारळ! माझी अम्मा करते! लहानपणापासून खातेय मी!"

तिने बांगड्या मागे सारल्या आणि विचारायचं सोडून थेट परातीत हात घातला. गूळ कमी आहे, असंही तिनेच सांगितलं. सिम्हाताई परात तिच्या स्वाधीन करून फळं कापायला बसल्या.

संध्याकाळी आळीतली बायका-माणसं जमली. इसाकही बंदरावरून लवकर सुटून आला होता. हनोककाकांनी प्रार्थना सुरू केली. शब्द तेच, पण इसाकची चाल वेगळी. एका ओळीला दोघंही अडखळले. काका थांबले. मला वाटलं, झालं आता. पण काका म्हणाले, "तुमची म्हणून दाखव बघू."

इसाकने म्हटली. काकांनी डोळे मिटून ऐकली, मग सगळ्यांना दोन्ही चालींत एकेकदा म्हणायला लावली. ताट वाटून झाल्यावर सिम्हाताईंनी सिपोराला पुढे ओढलं. कोचीनला बायका सणाला मल्याळममध्ये गातात, हे तिने दुपारी सांगितलं होतं. तिने गायला सुरुवात केली आणि दुसऱ्या कडव्यापासून सगळ्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. अर्थ कुणालाच कळत नव्हता. हनोककाकांनी मलिदा तीनदा मागून घेतला.

पुढच्या वर्षी सिपोराला मुलगा झाला. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, तेव्हा बाळाला मांडीवर घ्यायचा मान हनोककाकांना मिळाला. सिपोराची अम्मा एर्नाकुलमहून आली होती. तिला मराठी येत नव्हतं, सिम्हाताईंना मल्याळम. दोघी स्वयंपाकघरात नारळ खवत बसल्या होत्या आणि कशाला कोण जाणे, पोट धरधरून हसत होत्या.