स्ट्रायकरच्या बातमीचा शेवटचा परिच्छेद

नगरच्या एका दैनिकात मी क्रीडा पान लावतो. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघातल्या एका स्ट्रायकरने निवृत्ती जाहीर केली, त्या दिवशी श्रीगोंद्याच्या एका क्रीडाशिक्षिकेचा फोन आला. "सर, ही बातमी घ्याच. छोटी का होईना." मी हो म्हणालो. का, ते विचारलं नाही.

बातमी पाच परिच्छेदांची होती. संध्याकाळी दशक्रियेची जाहिरात आली आणि जागा कमी पडली. अशा वेळी बातमी खालून कापायची, ही आमची पद्धत. महत्त्वाचं ते वर असतं, असं गृहीत असतं. मी शेवटचा परिच्छेद काढला. छापून आलेल्या बातमीचं शेवटचं वाक्य होतं : 'ऐन भरात असताना त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं.'

सकाळी पुन्हा त्याच बाईंचा फोन. "सर, तुम्ही त्याला गुडघ्यावरच सोडलंत. तो परत खेळला, ते कुठे गेलं?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या संघातल्या सतरा वर्षांच्या स्ट्रायकर मुलीचं तेच लिगामेंट तुटलं होतं. शस्त्रक्रिया झाली, वर्षभर व्यायाम झाला, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. रविवारी नगरला जिल्हा संघाची निवड चाचणी होती. राहिली होती ती संमतिपत्रावर वडिलांची सही. बाईंनी त्यांना मोबाईलवर हा स्ट्रायकर दाखवला, तेव्हा ते म्हणाले होते, "मोबाईलवर कायबी दाखवत्यात मॅडम. पेपरात आलं तर मानीन."

ते पेपरात आलं. वडिलांनी मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि कोरं संमतिपत्र शाळेत परत पाठवलं.

शुद्धिपत्र देता येईना, कारण छापलेलं काहीच चूक नव्हतं. मी संपादकांकडून अर्धा कॉलम मागून घेतला आणि त्या माणसाच्या जुन्या मुलाखती वाचायला बसलो.

तो दिवसा सुतारकाम शिकायचा आणि संध्याकाळी सरावाला जायचा. उंची बेताची, वेग मात्र विलक्षण. गुडघा गेल्यावर क्लबने करार वाढवला नाही. तो पुन्हा रंध्याकडे वळला. वर्षाने खालच्या श्रेणीतल्या एका लहान क्लबने त्याला घेतलं, तेव्हा वेग उरला नव्हता. मग त्याने चेंडूमागे धावणं सोडलं आणि चेंडू कुठे पडणार ते आधी ओळखायला शिकला. बचावपटू पोहोचायच्या आत तो तिथे उभा असे. देशाची जर्सी त्याला यानंतर मिळाली. त्याचे बहुतेक गोल तुटलेल्या गुडघ्यानंतरचे आहेत. इतकी वर्षं क्रीडा पान लावताना मी अनेक गोल छापले. एखादा खेळाडू आपला खेळ असा मुळापासून नव्याने शिकल्याचं क्वचितच वाचलं होतं.

हे सगळं गुरुवारी छापून आलं. दुपारी कार्यालयात फोन आला.

"साहेब, मी पोरीचा बाप बोलतोय. उसाला पानी सोडून आलोय, झटक्यात सांगा. हे आता समदं हाय, का अजून काय खाली ऱ्हायलंय?"

मी कागद पाहिले. एक गोष्ट राहिली होती आणि ती मीच गाळली होती, लेखाची उभारी जाऊ नये म्हणून. "परत आल्यावर पहिल्या तीन सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नव्हता," मी सांगितलं.



"मग हे का न्हाई लिवलं? पोरगी पहिल्याच दिवशी गोल करायला बघंल अन् गुडघा परत मोडून घील. तिला हेच तर सांगाया पायजे."

"चुकलं माझं."

"आसू द्या. मॅडमला म्हनावं, सहीचा कागद परत पाठवा."

रविवारी मी मैदानावर गेलो. बाईंनी वडिलांची ओळख करून दिली. ते धोतर-टोपीत, सीमारेषेला लागून उभे होते. दोनदा पंचांनी त्यांना मागे सरकवलं. मुलीच्या उजव्या गुडघ्याला काळा पट्टा होता. ती कमी धावत होती, पण चेंडू दोनदा तिच्यापाशी येऊन पडला. एक फटका खांबाला लागला, दुसरा बाहेर गेला. सामना गोलाविना संपला. मुलगी मान खाली घालून, पण न लंगडता बाहेर आली.

"दादा, न्हाई झाला," ती म्हणाली.

वडिलांनी आधी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग पाण्याची बाटली पुढे केली. "आगं, हा पयलाच. अजून दोन बाकी हायेत."