खाडीवरची हवा

प्लेगच्या दिवसांत सुरतेतला जो तो नाकाला रुमाल बांधून फिरत होता, कारण हवेलाच सगळे भ्यायले होते. आणि माझ्या पीएचडीचं काम म्हणजे हवा गोळा करणं.

सुरतेबाहेर, इच्छापोरच्या पुढे, कारखान्यांची हद्द संपून खारफुटी सुरू व्हायची तिथे, मी चिखलात उपड्या पेट्या रोवायचे. चिखलातून वर येणारा वायू पेटीत साठला की सिरिंजने ओढून रबरी बुचाच्या बाटल्यांत भरायचा. दलदलीने पोटात घेतलेल्या कार्बनपैकी किती मिथेन होऊन परत हवेत जातो, एवढाच माझा प्रश्न. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की मिथेन वाढतो, असं मला दाखवायचं होतं. म्हणून पावसाळ्यातल्या बाटल्या मी जिवापाड जपत होते. बाबा बँकेत होते, त्यांना यात थट्टेपलीकडे काही दिसत नसे. "सुरतेहून लोक साड्या नेतात, आमची कन्या चिखलाचा वारा नेते," असं पाहुण्यांदेखत म्हणायचे. मी चिडले की त्यांना आणखी चेव यायचा.

वायू मोजायचं यंत्र पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होतं. पावसाळ्यातल्या बाटल्या पाठवायच्या आणि प्लेगची बातमी येऊन थडकली. दुकानांतून प्लेगवरचं टेट्रासायक्लिन गायब झालं, शेजारच्या घरांना कुलपं लागली. बाबांनी नंदुरबारला काकांकडे जायचं ठरवलं. बंद घरात बाटल्या आठवडेच्या आठवडे पडून राहिल्या तर बुचांतून वायू निसटणार, म्हणून मी कपड्यांची पिशवी मागे टाकली आणि थर्माकोलचा खोका घेतला. नंदुरबारहून मी तो पुण्याला पोचवणार होते.

डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आईला आणि मला कशीबशी बसायला मिळालं, बाबा उभे. उधना मागे पडलं तशी समोरची म्हातारी माझ्या मांडीवरच्या खोक्याकडे बघत म्हणाली, "यामा काय शे व माय?"

लोणचं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण वर्षभर सगळ्यांना देऊन देऊन पाठ झालेलं उत्तर तोंडातून गेलं. "हवा आहे आजी. आमच्या खाडीवरची."

कोणीतरी झाकण उचललं. आत बंद बाटल्या आणि बाजूला सिरिंजा. पुढचं मी काय सांगत होते ते कोणी ऐकलंच नाही. "प्लेगनी हवा छे! बारीमांथी नाखी दो!" एक जण खिडकीकडे बोट दाखवून ओरडला. दुसरा म्हणाला, पुढच्या स्टेशनला या सगळ्यांनाच उतरवा. तेवढ्यात आईला खोकला आला. साधा, कोरडा खोकला. एवढी गच्च गर्दी, पण आईभोवती एकदम जागा झाली.

बाबांनी माझ्या मांडीवरून खोका उचलला आणि मूठमूठ बाटल्या खिडकीबाहेर टाकायला लागले. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी माझी बोटं सोडवली, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि खोका रिकामा होईपर्यंत थांबले नाहीत. मग सिरिंजा टाकल्या. कोणी आम्हाला उतरवलं नाही.

काकांच्या ओट्यावर बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. "पुढच्या वर्षी पाऊस पडेलच ना? खाडी कुठे जातेय? परत भरू. मी येतो तुझ्याबरोबर." डब्यात त्यांनी केलं ते बरोबर होतं हे मला समजत होतं, आणि म्हणूनच माझा संताप संताप होत होता. सुरतेला परतल्यावरही मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत राहिले. त्यांची थट्टाही त्या दिवसापासून बंद झाली.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी खरंच रजा टाकली. स्कूटरवर मी मागे, मांडीवर नवा खोका. इच्छापोर ओलांडलं आणि मला रस्ताच ओळखू येईना. खारफुटी नव्हती. लांबवर मुरमाचा भराव, त्यावर फिरणारे डंपर आणि काटेरी तारा. "यहाँ कंपनी आएगी," वॉचमन म्हणाला.

बाबांनी विचारलं, "दुसरी खाडी चालेल ना गं?"

"आधीचे सगळे नमुने इथले आहेत बाबा, दुसरीकडचे त्यांच्याशी ताडून बघता येणार नाहीत."

बाबा वॉचमनला काहीतरी सांगून तारेखालून आत गेले. बँकेतली इस्त्रीची पँट तशीच, मुरमावर उकिडवे बसले आणि हातांनी दगड बाजूला करायला लागले.

"खाली असेल ना अजून?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

वर्षभर धरून ठेवलेला राग कुठच्या कुठे गेला आणि मला रडू फुटलं. "असेल," म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी बसले. आम्ही दोघांनी बराच वेळ उकरलं. चिखल काही लागला नाही.