पिल्लासाठी खुंटा

आमचे हे, म्हणजे रामकिसन, आयुष्यात कधी कुणाला काही मागणारा माणूस नाय. ताटात पडेल ते खाल्लं, भावानं वाटणीत दिला तो तुकडा घेतला, चितेगावच्या कंपनीत सांगतील त्या शिफ्टला गेले. रिटायर झाल्यावर पण पहाटे उठून, अंघोळ करून ओट्यावर बसायचे, जशी काय कंपनीची बस येणार हाय. मला ते बघवायचं नाय. म्हणायची, "अहो, गावी फुलंब्रीला जाऊन या चार दिवस." तर म्हणायचे, "तिथं काय हाय आता? बैलं बी विकली."

मग उन्हाळ्याच्या तोंडाला मागच्या गल्लीतल्या मोनिकानं यांना कूलरची मोटर बघायला बोलावलं. मोनिका बँकेत नोकरी करते. तिच्याकडं रिट्रीव्हर जातीची कुत्री, अन् तिला पिल्लं झालेली. हे मोटर खोलून बसले तर एक पिल्लू येऊन यांच्या पायावरच झोपलं. मोटर कधीच सुरू झाली, पण हे काही उठेनात. घरी आले अन् चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "गीता, मला एक पाहिजे."

मला वाटलं, चहा.

"पिल्लू," म्हणाले.

मी तोंडावर सांगितलं, अंगणात काय करायचं ते करा, पण कुत्र्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकला तर मी माहेरी जाईन. बोलले खरी, पण पोटातून लई बरं वाटलं. या माणसाला एकदाचं काहीतरी पाहिजे होतं.

मोनिकाची अट होती. रविवारी ती घर बघायला येणार, पसंत पडलं तरच पिल्लू देणार. आधी दोन घरांना तिनं नाय म्हटलेलं. आमच्या पोरीला, मेघाला बघायला पाहुणे आले होते ना, तेव्हाबी घरात एवढी धावपळ नव्हती. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. फिनेलच्या बाटल्या अन् उंदराचं औषध माळ्यावर गेलं. भिंतीखालच्या सगळ्या वायरी यांनी पाईपात घातल्या. नळ येतो आठवड्यातून एखाद्या वेळी, म्हणून आमच्या अंगणात पाण्याचा हौद हाय. पिल्लू पडेल म्हणून त्यावर जाळी बसवली. आता मला बादली बुडवायची तर आधी ती जाळी उचला.

मग उस्मानपुऱ्यातल्या दुकानात मला घेऊन गेले. पाण्याचं भांडं असं वाजवून बघत होते, जसा काय माठ घेतायत. शेवटी दाबलं की चूं चूं वाजणारं एक रबराचं हाडूक घेतलं, अन् रिक्षात बसल्या बसल्या तेच वाजवायला लागले. रिक्षावाला वळून वळून बघायचा. "चचा, पोता हुआ क्या?" त्यानं विचारलं. तर हे म्हणतात, "इतवार कू होनेवाला है." मी पदर तोंडावर घेतला. हसू दाबावं का रडावं तेच कळेना.

माझी कण्हेर मात्र यांनी मला न विचारता उपटली. म्हणे कुत्र्यानं खाल्ली तर विष होतं. देवाला रोजची फुलं तिचीच, माझ्या हातानं लावलेली. दुपारी मी ताट असं आदळलं की वरण सांडलं. हे गप जेवले अन् संध्याकाळी जास्वंदीचं रोप घेऊन आले. त्याला अजून कळी नाय, पण जाऊ द्या.

शनिवारी हे फुलंब्रीला गेले अन् गोणपाटात बांधून सासऱ्यांच्या हातचा खुंटा घेऊन आले. बाभळीचा, दाव्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. अंगणात लिंबाखाली ठोकला. आमच्याकडं रीतच हाय, नवं जनावर यायच्या आधी त्याचा खुंटा रोवायचा, पूजा करायची. हळद-कुंकू मीच लावलं, खोटं कशाला बोलू. नारळ यांनी फोडला. मग माझं जुनं सुती लुगडं फाडून मऊ दावं वळत बसले, पिल्लाच्या मानेला काचू नये म्हणून.

रविवारी मोनिका आली. हौदावरची जाळी बघितली, वायरी बघितल्या, खूश झाली. हे तिच्या मागं मागं, तोंडभर हसू. मग ती लिंबाखाली गेली अन् तिचा चेहराच उतरला.

"काका, हे काय आहे?"

"त्याचा खुंटा," हे कौतुकानं म्हणाले. "माझ्या वडलांचा हाय."

"म्हणजे तुम्ही त्याला बांधून ठेवणार?"

यांना प्रश्नच उमगला नाय. "मग? खुंटा नको व्हय?"

मोनिकाचा आवाज खाली आला. "काका, तुम्ही माणूस म्हणून खूप चांगले आहात. पण बांधून ठेवतात तिथं मी पिल्लू देत नाही. माफ करा." अन् ती फाटकाकडं निघाली.

हे खाली बसले अन् खुंट्याला बांधलेल्या दाव्याची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. मला असा राग आला, तिचा, यांचा, माझा स्वतःचा पण.

"थांब गं पोरी," मी म्हणाले. "आमच्याकडं खुंटा म्हणजे नुसतं बांधायचं लाकूड नसतं. ज्याचा खुंटा रोवला ते जनावर घरचं झालं. म्हातारं झालं तरी त्याला कुणी हाकलत नाय. तुला दावं नको ना? आत्ता बंबात घालते."

ती थांबली. "मग ते झोपणार कुठं, काकू? या उन्हात बाहेर नाही चालत त्यांना."

इथंच घोडं अडलं. हे माझ्याकडं बघतील असं वाटलं, पण यांनी मान वर केली नाय. गाठीशीच खेळत राहिले. हा माणूस एवढं होऊन पण मला मागणार नव्हता.

"माझ्या खोलीत," मी म्हणाले. "कूलरपुढं. माझी बाज सरकवते."

"उंबऱ्याच्या आत?" यांनी हळूच विचारलं.

"मग काय उंबऱ्यावर बसवता?"

मोनिका वळली अन् फाटकातून गेली. आम्हाला वाटलं, संपलं. हे तसेच मातीत बसलेले, मीबी शेजारी टेकले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, फाटक वाजलं. मोनिका होती, अन् तिच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पिल्लू.

यांनी हात पँटला पुसले, परत पुसले, पण पुढं करेनात.

"घ्या ना, काका."

"घेऊ?"

"तुमचंच आहे."

यांनी घेतलं. पिल्लानं यांच्या शर्टात नाक खुपसलं. हे माझ्याकडं वळले, डोळे भरलेले, अन् म्हणाले, "गीता, माझं हाय."

घर आमचं म्हणायचे, पोरगी तुझी म्हणायचे, शेत भावाचं म्हणायचे. यांच्या तोंडून 'माझं' मी पहिल्यांदा ऐकत होते. मी डोळ्याला पदर लावला अन् बाज सरकवायला आत गेले.