चाचांचा पहारा

चाँदचाचांना कोणी नुसतं "बसा" म्हटलं तरी ते आधी विचारत, "काहून?" आखाडा बाळापूरच्या बाजारात मासे विकणारा हा उंच, वाळका माणूस दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, भागीदार होता. शेततळं आमचं, मासे त्यांचे. अशा माणसाशी दादांचं कसं जमतं, याचं गावाला नवल वाटे. आईला तर या भागीदारीचाच संशय यायचा.

तळ्यात सायप्रिनस मासे होते. थंडी सरून पाणी कोमट झालं की हा मासा जलपर्णीच्या मुळांवर अंडी घालतो. तोवर चाचा नर आणि मादी वेगवेगळ्या जाळीत ठेवत. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत जाते, असं दादा म्हणायचे. चाचांना ते पटत नसे. "जाते म्हून सांगते, अन् वेशीपासून वापस येते." मग ते काठावर पालथे पडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालत आणि मान हलवत. "वरून गोड बोलून राहिलं, पन पोटातून थंड हाय." दादांनी थर्मामीटर आणून दिलं, तर त्यांनी ते आधी स्वतःच्या काखेत लावून पाहिलं. ते खरं बोलतं का, याची खात्री नको?

बाहेरून आणलेलं बीज, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, दरवर्षी अर्धं मरायचं. म्हणून एका फाल्गुनात चाचांनी घरचंच बीज काढायचं मनावर घेतलं. पाणी तळापर्यंत कोमट लागलं तेव्हा त्यांनी नर-मादी जलपर्णी टाकलेल्या एकाच जाळीत सोडले. पहाटे माशांनी पाणी नुसतं घुसळून काढलं. मुळांवर राजगिऱ्यासारखी अंडी चिकटली. चाचा लहान मुलासारखे हसले. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दादा म्हणाले, "चाचा, आता मोठे मासे लगेच बाहेर काढू."

चाचांचं हसू गेलं. "लई घाई हाय तुमाला, भाऊ. जाळीला कोनी हात लावायचा न्हाई." अंडी पळवायचा हा डाव, असं त्यांच्या मनानं घेतलं. ते काठी घेऊन बांधावर बसले, रस्त्याकडे तोंड आणि पाण्याकडे पाठ करून. दुपारी जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळी मुळं धुतल्यासारखी साफ होती.

"भाऊ, घर लुटलं तुमी माझं," एवढंच बोलून, रागारागात एक मोठा नर टोपलीत टाकून ते निघून गेले. दादा त्या रात्री जेवले नाहीत.

सकाळी चाचा दारात उभे. हातात केळीचं पान, त्यावर माशाचं चिरलेलं आतडं. "नराच्या पोटात अंडी. चोर तळ्यातच व्हता, भाऊ. मी त्याचीच राखन केली."

"म्हणूनच मोठे मासे काढू म्हणत होतो ना!" दादा ओरडले. मग हळू म्हणाले, "चोर म्हणालात मला, चाचा."

चाचांना माफी मागता आली नाही. शेवटी आईनंच त्यांच्यापुढे चहा ठेवला. पुढच्या फाल्गुनात अंडी दिसताच त्यांनी जाळी दादांच्या हाती दिली आणि बाजाराची वाट धरली. मागं वळून मात्र दहादा पाहिलं.

या थंडीत चाचा गेले. मातीनंतर त्यांचा मुलगा दादांजवळ येऊन बसला. म्हणाला, "अब्बा मला सांगून गेले, मासे भाऊच्याच हाती ऱ्हाऊ दे. तुझा भरवसा न्हाई."

दादा हसायला गेले, आणि त्यांना हुंदका फुटला.