इथलीच तार

नगरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती आणि आई माझ्या बॅगेच्या चेनशी झटत होती. आत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, वर खोबऱ्याच्या वाट्या. धाकटी बहीण उषी बॅगेवर बसली तेव्हा कुठं चेन लागली. मग आईनं विचारलं, "मंगल, तिकडं बी मोटारी जळत्यात का गं?"

"जळत्यात की. खाणीतलं पाणी उपसायला पंप असत्यात."

"मग बरं हाय. जळू दे बाई भरपूर."

शेजारची माणसं हसली. आई हसली नाही. ती मनापासून मागत होती.

माझं काम मोटारी भरायचं. जळालेल्या मोटारीतली काळी तार काढायची, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी करून खाचांत बसवायची, वर वॉर्निश द्यायचं. हे मी नागापूरच्या एमआयडीसीत शिकले. शाळा सहावीत सुटली. दिवाळी झाली की आईबाप पाथर्डीकडचं घर बंद करून श्रीरामपूरकडं ऊसतोडीला जायचे आणि उषीला सांभाळायला मी त्यांच्याबरोबर. पुढं नवऱ्यानं टाकलं, तेव्हा नागापूरच्या मालकांनी हाताला काम दिलं. त्यांनी आफ्रिकेत, झांबियात, कारखाना काढला आणि तिथल्या बायकांना शिकवायला मलाच नेलं. त्यांचे उपकार आहेत. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल मी विसरले.

तो तांब्याचा मुलूख. आमच्या शेडच्या दारातून खाणीच्या मातीचे डोंगर दिसायचे. तिथलं तांबं ट्रकमधून समुद्राकडं जायचं, बोटीनं परदेशी जायचं, तिथं त्याची तार व्हायची आणि तीच तार दसपट भावानं परत यायची. मग सरकारनं ठरवलं की थोडी तरी तार इथंच झाली पाहिजे, इथल्या माणसांनी केली पाहिजे. म्हणून आमच्या मालकांना जागा मिळाली. एका शेडात तार ओढायची, दुसऱ्यात मोटारी भरायच्या. उद्घाटनाला मंत्री आले, बायका नाचल्या, मला हार घातला. एवढ्या लोकांत आपलं नाव घेतलं म्हणून मी रडले, आणि लगेच धास्ती वाटली की हे काढून घेतील.

शिकायला आलेल्यांत चांदा नावाची बाई होती. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच शाळा सुटलेली. आधी रस्त्याकडेला लोणारी कोळसा विकायची. पहिल्याच दिवशी ती मला "बा मंगल" म्हणाली आणि मी खो खो हसले. तिच्या भाषेत बा हे मानानं लावायचं. मी सांगितलं, आमच्याकडं बा म्हणजे बाप. तेव्हापासून मी उशिरा आले की ती सगळ्यांना ओरडून सांगायची, "उठा गं, बाप आला!" आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत चालायचं. दुपारी ती मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा, शीमा, पानाच्या भाजीबरोबर खायला द्यायची. मी भाकरी द्यायचे. "ही जळालीय," म्हणायची, आणि सगळी खायची.

एकदा तिनं विचारलं, "तांबं आमच्या दारात, मग तार बाहेरून का यायची?" मी तिला उसाचं सांगितलं. आम्ही दिवसभर ऊस तोडायचो आणि संध्याकाळी कारखान्यासमोरच्या दुकानातून पुडीत साखर आणायचो. मी आईला हेच विचारलं होतं. आई म्हणाली होती, "ऊस त्यांचा, साखर बी त्यांचीच. आपला कोयता." चांदा म्हणाली, "आमचं फावडं." आणि तारेची रीळ मांडीवर घेऊन खूप वेळ हसत बसली.

सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. शेजारच्या खाणीनं आमच्याकडून मोटारी भरून घ्यायचं मान्य केलं, तर बायका कायम होणार. नाही केलं, तर शेड बंद.

खाणीचे खरेदीवाले साहेब आले. त्यांनी रीळ हातात घेतली. "तार कुठली?"

"इथलीच, साहेब," मालक म्हणाले.

साहेबांनी रीळ खाली ठेवली. आम्ही चाचणीचं यंत्र लावून बसलो होतो, त्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "इथली असली तर नको."

मालकांनी दोन दिवस शहरात खेपा घातल्या. मग छापखान्यातून परदेशी नावाचे चकचकीत स्टिकर आले. आम्ही बायकांनीच ते रिळांवर चिकटवले. चांदानं एक कपाळाला लावून दाखवला. "आता माझा भाव वाढला का, बा मंगल?" मालक ओरडले, "थट्टा पुरे. बाहेर एक शब्द गेला तर घरी बसाल."

मोटारी पास झाल्या. खाणीच्या तळाशी, पाणी उपसायच्या पंपांवर बसवल्या आणि अख्खा पावसाळा एकही जळाली नाही. खाणीची माणसं कौतुक करायला आली, सगळ्यांना थंडगार बाटल्या दिल्या. त्यांच्यात तिथलाच एक तरुण इंजिनियर होता, चांदाच्या भाषेतला. त्यानं तिला विचारलं, इतकी चांगली तार कुठल्या देशाची? आणि चांदानं सांगितलं, तुझ्याच खाणीची, आम्हीच ओढलेली. तिला वाटलं, आता काय लपवायचं, अख्खा पावसाळा चालली ना! तो पोरगा इतका हरखला की त्यानं तिचे दोन्ही हात धरले. मग ऑफिसात जाऊन त्यानं सगळ्यांना अभिमानानं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मोटारी परत आल्या. जळालेल्या नव्हत्या. चालू पंपातून काढलेल्या होत्या. काही तर अजून कोमट होत्या.

मालकांनी चांदाला सगळ्यांसमोर उभं केलं आणि मराठीतच बोलले. "सगळ्यांच्या ताटात माती कालवलीस, भवाने." ती माझ्याकडं बघत राहिली, मी इंग्रजीत सांगेन म्हणून. मी एवढंच सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. महिना संपायच्या आत बाकीच्या बायकाही गेल्या.

मला ठेवलं. त्या मोटारींतली तार काढून टाकून रिकाम्या मोटारी खाणीला परत द्यायच्या होत्या. जळालेली तार हाताला सुटून येते. चांगली येत नाही. वॉर्निशनं धरलेली असते, छिन्नी मारावी लागते, पक्कड लावून एकेक वेटोळं उपटावं लागतं. कुठलं वेटोळं कुणी बसवलं ते मला ओळखू येत होतं. चांदाचा हात घट्ट होता. तिच्या मोटारींना सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्यातच उषीचा फोन आला. तिलाही नागापूरच्या आपल्या शेडात काम लागलं होतं. "ताई, आफ्रिकेतल्या खाणीच्या मोटारी आता आपल्याकडं यायच्यात भरायला! इंडियातली तार चालती म्हनं त्यांना. लई काम हाय. मालक म्हनले, तुला मुख्य बाई करनार. ये की आता घरी." मागून आई बोलत होती, "देव पावला म्हनावं तिला."

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? उषीच्या हाताला काम, आईचा कोयता सुटणार, मला परत जायला जागा. गावाकडच्यांनो, तुम्ही म्हणता घर आपलं आहे, कधीही ये. आहेच. बाहेर पडलेल्यांनो, तुम्हालाही हेच सांगत असतील. पण आता त्या घरात चूल पेटली की ती कुणाची विझवून पेटली, हे मला माहीत असणार. भाकरी मी खाणारच आहे. भूक लागते.

निघायच्या आधी चांदाला भेटायला गेले. ती कारखान्याच्या फाटकापुढच्या रस्त्यावर कोळशाची पोती मांडून बसली होती. उठून तिनं मला स्टूल दिलं.

"घरी निघालीस?"

"हो."

"तिकडं काम आहे?"

"आहे."

"कसलं?"

"मोटारी भरायचं."

"कुणाच्या?"

मी खाणीकडं हात केला. तिला कळायला वेळ लागला नाही. ती खाली वाकून कोळसे नीट लावत राहिली. मला वाटलं, आता शिवी देईल. मी वाट बघत होते.

"मग घट्ट भर," ती म्हणाली. "सैल सोडू नको. खाली माझा भाऊ असतो."